नारिंगी पाइप

लालबागला आमच्या चाळीखाली इंटरनेटच्या वायरी टाकायला रस्ता खणला होता. एक अनोळखी म्हातारा रोज संध्याकाळी यायचा, लेंगा आवरून खड्ड्याशी उकिडवा बसायचा आणि नारिंगी पाइपच्या तोंडाला डोळा लावायचा. हा वायर चोरणार, याची मला खात्रीच होती. शेवटी मी हटकलंच.

"काय शोधताय हो काका?"

"काय नाय. गावाक आमच्या दारात असोच पाइप पुरलेलो आसा. आत वायर आसा म्हणतत, पण नेट काय येणा नाय. भरलेलो पाइप कसो दिसता, ता बघून ठेवतंय. चतुर्थीक गेलंय की खणून बघतलंय."

 एवढं बोलून तो एकदम मला खालून वर न्याहाळत उठला.

"तुम्ही त्या पाइपवाल्या कंपनीचे तर नाय?"