गुणांवर थुंकणारे साडभाऊ

गुण देणाऱ्या माणसाइतका क्षुद्र प्राणी देवाने दुसरा घडवला नाही, असं आमच्या साडभाऊंचं मत आहे, आणि हे मत त्यांनी भंडारा जिल्ह्यात कोणापासूनही लपवून ठेवलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मोहाडीकडच्या एका शाळेत कवायतीचे शिक्षक. तुच्छतेचं शास्त्र असतं तर ते त्यात आचार्य झाले असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना एकदा रांगोळ्यांचं परीक्षण करायला बसवलं, तेव्हा त्यांनी एकाही रांगोळीला आकडा दिला नाही. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर म्हणाले, रांगोळी काय वजनकाट्यावर ठेवायची वस्तू आहे का? त्यानंतर त्यांना कोणी कसलाही परीक्षक केलं नाही. याचंही वाईट त्यांना वाटत नाही, ते परीक्षकांना वाटावं असं त्यांचं म्हणणं.

कॉलेजात असताना नागपूरला ते चाकांच्या बुटांवरचं स्केटिंग शिकले. शर्यतीचं नव्हे, संगीतावर नाचायचं. नोकरी लागल्यावर त्यांनी वरठीच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलच्या मालकाला गळ घातली आणि धान वाळवायच्या सिमेंटच्या पटांगणावर मुलींचा वर्ग सुरू केला. धानाचा हंगाम आला की वर्ग बंद. एरवी आधी झाडू मारायचा, मग बूट घालायचे, कारण चाकाखाली धानाचा एक दाणा आला तरी माणूस भुईवर. बाकी वेळ साडभाऊ मोबाईलवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघत. या गृहस्थांनी मासळी बाजारातल्या पेटीत सोडून बर्फ कुठे पाहिलेला नाही. पण रशियाच्या मुलींपासून जपानच्या पोरांपर्यंत सगळ्यांचं कुठे चुकतं हे त्यांना जेवताना, न विचारता सांगायचं असे.

त्यांचं भांडण मुलींशी नव्हतं, नियमांशी होतं. या खेळात प्रत्येक उडीला आणि प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत असते. हात डोक्यावर नेऊन उडी मारली की ती अवघड धरतात आणि गुण वाढायला वाव मिळतो, म्हणून एकीने हात वर नेला आणि मग सगळ्यांनीच नेला. साडभाऊ म्हणत, "एसटीत उभं राहून वरचा दांडा पकडल्यावानी दिसते." गिरकी घेताना पाय हाताने धरून डोक्यामागे ओढला की गिरकीची पातळी चढते. मग संगीत रडकं असो की लग्नातलं, पाय धरायचाच. गाण्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मारलेल्या उड्यांना थोडे जास्त गुण मिळतात म्हटल्यावर तर कित्येकींनी सगळ्या उड्या शेवटी नेऊन कोंबल्या, इतक्या की पुढे त्यालाही मर्यादा घालावी लागली. यावर त्यांनी एकदा आमच्या घरच्या पंगतीत, हातात वरणाचा वाडगा धरून, भाषण दिलं. पाहुण्याले आधी कोरडा भात खाऊ द्यायचा आन् सारी भाजी पंगत उठाच्या येळेस ओतायची, असा हा कारभार. चाकांच्या बुटांवरच्या स्पर्धांनीही तेच नियम उचलले, तेव्हा साडभाऊंना घरबसल्या शत्रू मिळाला.

त्यांच्या वर्गात पूनम नावाची मुलगी होती. तळ्यात मासे धरणाऱ्या घरातली. बाप डोंग्यावर उभा राहून जाळं फेकायचा, ते ती लहानपणापासून बघत आलेली. साडभाऊंनी त्यावरच तिचा नाच बसवला. कमरेतून वळून हात उघडायचा, मग एका पायावर, काही न करता, पाण्यात जाळं बुडेपर्यंत थांबावं तसं नुसतं वाहत जायचं. त्या थांबण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मिलचे हमाल पोती खांद्यावर घेऊन उभे राहायचे, एवढं खरं.

भंडाऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा झाली तेव्हा मी गेलो होतो. पूनमचा नाच चालू असताना मंडपात चिडीचूप. निकालात ती शेवटून दुसरी. साडभाऊ परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. तिथली एक तरुण परीक्षक बाई नम्रपणे म्हणाली, "सर, लई सुंदर होतं. पण ते थांबणं मी कोणत्या रकान्यात लिहू, तुम्हीच सांगा."

साडभाऊंना जणू पदक मिळालं. ही व्यवस्था आंधळी आहे हे त्या बाईच्याच तोंडून सिद्ध झालं, म्हणून परतताना त्यांनी पेढे घेतले आणि मिलच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटले. मीही दोन खाल्ले. पूनमने घेतला नाही. ती बूट काढत होती. साडभाऊंनी पुडा पुढे केला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "हारल्याचे पेढे तुम्ही वाटून राहिले सर. घरी उत्तर तं मलेच द्या लागते."

मग हळूहळू कळलं ते असं. राज्य पातळीवर क्रमांक आला तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीसाठी अर्ज करता येईल, या एका भरवशावर तिच्या आईने तिचं लग्न थांबवून धरलं होतं. साकोलीकडचं एक स्थळ दारात बसलेलं होतं. साडभाऊंनी पुढचे काही दिवस कोणाचीही निंदा केली नाही. आमच्या मेहुणीबाई इतक्या घाबरल्या की त्यांनी मला फोन करून यांना ताप तर नाही ना, बघायला या म्हटलं.

पण पूनमच्या आईला त्यांनी एक वर्ष मागितलं आणि नियमांचं पुस्तक काढून बसले. प्रेमाने वाचणारा एखादी ओळ गाळतो, द्वेषाने वाचणारा एकही गाळत नाही. त्यांनी पूनमचा नवा नाच असा बसवला की त्यात गुण मिळवून देणार नाही असं एक बोटही हलत नव्हतं. हात डोक्यावर. पाय हातात. उड्या शेवटी, नियमाला चालतील तेवढ्या. शिकवताना स्वतःच शिव्या घालायचे, "हां, धर दांडा, भंडारा आला," आणि लगेच, "कोपर सरळ, नाही तं गुण जाते."

पूनम जिल्ह्यात पहिली आली. राज्यात तिसरी. मंडपात टाळ्या पडत असताना साडभाऊ हाताची घडी घालून बसले होते. मी म्हटलं, वाजवा की आता. ते म्हणाले, "पोरीसाठी वाजवीन, साडभाऊ. नाचासाठी नाही." आणि उठून तिची पाण्याची बाटली भरायला गेले. साकोलीचं स्थळ परत गेलं. पूनम आता नागपूरला नोकरीत आहे, पहिल्या पगारात तिने आईला मोबाईल घेतला आणि सरांना चाकं.

यात साडभाऊंचं जे व्हायचं ते झालं. 'नंबर आणणारे सर' म्हणून त्यांची कीर्ती तुमसरपर्यंत गेली. आईबाप मुलींना मोटारसायकलवर बसवून आणतात आणि आमचे साडभाऊ त्यांना हात डोक्यावर न्यायला शिकवतात, अगदी मनापासून तुच्छ मानून. हमाल आता थांबत नाहीत. पोती घेतात आणि जातात.

मागच्या महिन्यात सकाळी मी मेहुणीबाईंच्या सांगण्यावरून त्यांना नाश्त्याला बोलवायला मिलवर गेलो. सुट्टी होती, वर्ग नव्हता. पटांगणावर साडभाऊ एकटेच होते, बूट घालून. पोट सुटलेलं, केस पांढरे, गळ्यात शिट्टी. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतः स्केटिंग करताना पाहिलं नव्हतं. ते गिरकी घेत नव्हते की उडी मारत नव्हते. नुसते एका पायावर, दोन्ही हात जरासे उघडून, सिमेंटवरून लांब, संथ, सरकत चालले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जगातल्या कोणाविषयीही तुच्छता नव्हती.

मी हाक मारली नाही. गाडी सुरू केली तर आवाज होईल, म्हणून ढकलतच रस्त्यापर्यंत नेली.