गाण्यांच्या मधलं

रेडिओ केंद्रात तिला सगळे टेपवाल्या बाई म्हणत. तेहतीस वर्षं तिने फिती सांभाळल्या. डब्यावर चिठ्ठी लावायची, कपाटात ठेवायची, मागितली की काढून द्यायची आणि वरून यादी आली की पुसायची. फीत महाग, कपाटं अपुरी; एकच फीत पाच-सहा वेळा वापरायची रीतच होती. बुधवारच्या रंगारंग कार्यक्रमाच्या फितीही तिनेच पुसल्या. त्यात तिचा नवरा होता. तो जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. यादी आली, तिने पुसल्या, सही केली आणि जेवायला गेली. दगडाच्या काळजाची वगैरे लोक म्हणाले. म्हणोत. एखादी मागे ठेवावी हे तिला सुचलंच नाही, एवढंच खरं.

कार्यक्रम गाजायचा तो गायकामुळे. त्याचा उंच, लख्ख आवाज लागला की घरोघरी हातातली कामं थांबायची. नवरा दोन गाण्यांच्या मधला नकलाकार. वादकांना पानं उलटायला आणि गायकाला पाणी प्यायला वेळ मिळावा, म्हणून ठेवलेला. एका बुधवारी तो, पुढच्या बुधवारी दुसरा, त्याच्याच ढंगाचा.

लेक तेव्हा दीड वर्षाची. आता पंचेचाळिशी गाठली, तरी बापाचा आवाज एकदा ऐकायचा हे तिने डोक्यात घेतलं ते घेतलंच. शोधून शोधून तिने दातांचे एक निवृत्त डॉक्टर गाठले. तरुणपणी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी ते बुधवार उतरवून घेतले होते. सात रिळं.

"आई, चल. आणि तिथे तोंड पाडून बसू नकोस."

"माझं तोंड असंच आहे."

डॉक्टरांनी पहिलं रीळ लावलं. गाणं. खट्. दुसरं गाणं. खट्. तिसरं.

"मधलं कुठे गेलं?" लेकीने विचारलं.

डॉक्टर कानकोंडे झाले. "काय आहे ना, फीत परवडायची नाही. गाणं संपलं की बटण बंद. मधली बडबड कोण... म्हणजे, माफ करा हं."

"बरोबरच केलंत," आई म्हणाली. "आम्ही तर सगळंच पुसायचो."

लेकीची मान गर्रकन वळली. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबांचंही?"

"यादीत होतं."

"पुसलं कुणी?"

"मी. काम होतं माझं."

लेकीने आपली खुर्ची आईपासून दूर सरकवली. डॉक्टर बिचारे चहा करायला उठले आणि बराच वेळ आत राहिले.

रिळांमागून रिळं झाली. एखाद्या गाण्याआधी हशाची शेपटी तेवढी उरलेली असायची. कशावर हसले, ते नाही. सहाव्या रिळावर मात्र बटण बंद करायला डॉक्टरांना उशीर झाला होता. टाळ्या विरल्या आणि एक पुरुष म्हणाला, "मंडळी, हे पाणी पितायत तोवर मी जरा..." खट्.

"पुन्हा लावा," लेक म्हणाली. तीनदा लावलं. मग राग विसरून तिने आईचा दंड धरला. "बाबा ना?"

आईने डोळे मिटून ऐकलं. खरखर कळली. वेग किंचित जास्त आहे, तेही कळलं. माणूस कळेना. सहा वर्षं रोज सकाळी जो मोजे कुठेत म्हणून विचारायचा, तो हा असेल. किंवा दुसरा असेल. आत काहीतरी हलेल म्हणून ती थांबली. काही हललं नाही.

"आई, सांग ना."

"मला ओळखता येत नाही."

"म्हणजे ते नाहीत?"

"असतीलही. दुसराही असाच बोलायचा."

लेकीने हात काढून घेतला. ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "मला एवढंच उतरवून द्या. गाणी नकोत."

"वेग जरा कमी करा," टेपवाल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी केला. आवाज जाड झाला. लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आईने ते तुटकं वाक्य दोनदा ऐकलं आणि अजूनही ओळखता येत नाही म्हणून मान हलवली.