नापास होण्याची खटपट

सातवीत मी जिच्या शेजारी बसायचे ती वर्गात सगळ्यांत हुशार होती, आणि नापास व्हावं म्हणून जिवाचं रान करत होती.

तिचं लग्न सख्ख्या मामाशी ठरलं होतं. सोलापुरात कितीतरी घरांत असं ठरायचं, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. मामा दुधनीला भुसार दुकानात बसायचा, विशीही गाठली नव्हती त्यानं. बोली एवढीच होती की पोरगी सातवी पास झाली की बार उडवायचा.

एकदा तो शाळेच्या फाटकाशी आला. मधली सुट्टी होती आणि ती चिंचा विकणाऱ्या म्हाताऱ्याशी हसून बोलत होती. त्यानं सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली जाळ काढला. कानातून रक्त आलं. वर्गबाई व्हरांड्यातच होत्या, म्हणून मी पळत त्यांच्याकडे गेले. "घरचा माणूस आहे गं, मामा आहे तिचा," असं म्हणून त्या हजेरी घ्यायला आत गेल्या. घरी तिची आई म्हणाली, "मामाचा हात हाय की तो, परक्याचा न्हाय." परक्यानं मारलं असतं तर गल्लीनं त्याला सोलून काढलं असतं. मला तेव्हाही संताप आला होता, आजही येतो.

त्या दिवशी तिनं नापास व्हायचं ठरवलं. हे वाटतं तितकं सोपं नसतं. कोरा पेपर दिला तर बिंग फुटणार, म्हणून ती गणितं आधी बरोबर सोडवायची आणि मग बेतानं एकेक चुकवायची. त्या वर्षी जमलं. घरी चोप बसला, पण लग्न पुढं गेलं. मी आठवीत गेले, ती मागं राहिली. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

पुढच्या वर्षीही तिनं पेपर तसेच बिघडवले. पण त्याच वर्गबाई आता मायाळू निघाल्या. हुशार पोर पुन्हा बसली तर खचेल, म्हणून त्यांनी वरचे मार्क देऊन तिला ढकलायचं मनावर घेतलं. कुणकुण लागताच ती मला घेऊन त्यांच्याकडे गेली.

"बाई, मला नापास करा."

"वेड लागलं का गं तुला?"

मग तिनं सगळं सांगितलं. मामा घरी आला की काय काय होतं, तेही. "तितं गेले की मी जगत न्हाई, बाई."

बाईंचे डोळे भरले, खोटं कशाला बोलू? त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "लग्न झालं की पुरुष निवळतो. आणि शिकलेल्या बायकोवर कुणी हात टाकत नाही. तू पास झालेलीच बरी."

शाळेला काही पराक्रम करावा लागणार नव्हता. तिला फक्त त्या बाकावर बसू द्यायचं होतं. तेवढंही कुणाच्यानं झालं नाही. ती पास झाली, त्याच उन्हाळ्यात अक्षता पडल्या आणि बाई लग्नाला येऊन जेवून गेल्या.

संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला नवऱ्यासोबत ती माहेरी आली, तेव्हा मधल्या सुट्टीत शाळेत आली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पदर डाव्या हातानं सावरत होती. मी हाक मारली तरी थांबली नाही, सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मला परत सातवीत घ्या की. मी मागं बसते, कुणाला तरास देत न्हाई."

बाईंनी तिच्या हाताकडे बघितलं.

"पास झालेल्या मुलीला परत त्याच वर्गात घेता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "नियम नाही तसा."

तिनं मान हलवली, व्हरांड्याखाली उतरून चपला घातल्या आणि फाटकाबाहेर तो उभा होता तिकडे चालू लागली.