फुसाएबाईंच्या हातून न झालेलं बाळंतपण

फुसाएबाईंचं सुईणघर तपासायला आलेल्या डॉक्टर सुगिउरांना बोटीवरून उतरवून घ्यायचं, त्यांची बॅग धरायची आणि गप्प चालायचं, एवढंच माझं काम होतं. नगरकचेरीत आरोग्याच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाकडून कुणी याहून जास्त मागत नाही. पण देवळापाशी चढ लागला आणि मला बोलायची खुमखुमी आली.

"मी स्वतः पायाळू आहे डॉक्टर. तुफानात जन्मलो. फुसाएबाईंनी एकटीनं सोडवलं आईला."

"बोटी बंद असतील त्या दिवशी," डॉक्टर म्हणाले.

इथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेच खरं होतं. पण कौतुक करायला निघालेल्या माणसाला खरं पुरत नाही. "बोट असती तरी पाठवलं नसतं त्यांनी! हाताला एवढी खात्री!"

डॉक्टर थांबले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढचा सगळा चढ हवेबद्दल बोलत राहिले.

त्या वर्षी कायदा बदलला होता. सुईणघर चालवायचं तर बाळंतपणाच्या डॉक्टरची लेखी हमी पाहिजे. फुसाएबाईंना इतकी वर्षं सांभाळून घेणारे म्हातारे डॉक्टर हिवाळ्यात वारले होते. आता सुगिउरांची सही मिळाली तर घर चालू, नाहीतर बंद. आणि माझी मोठी बहीण चिझुरु आठव्या महिन्यात, तिथंच बाळंत व्हायचं म्हणून ओसाकाहून माहेरी येऊन बसलेली.

फुसाएबाई एकाहत्तरच्या. उंची माझ्या काखेइतकी, एप्रनच्या खिशात कायम सुक्या मासळीची पुडी. सुईणघर म्हणजे सुक्या मासळीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. चटया, गरम पाण्याचं घंगाळ, आणि तुळईला बांधलेली, कळा येताना धरायची जाड सुती दोरी. अठ्ठेचाळीस वर्षांत बायकांच्या तळहातांनी ती मधोमध काळी, गुळगुळीत झाली होती. गावातल्या निम्म्या लोकांच्या आया तिला लोंबकळलेल्या.

त्यांची रीत साधी. कळा सुरू झाल्या की बाईला बंधाऱ्यावर चालवायचं. मग पाय गरम पाण्यात. पुढं ती बसेल, ओणवी होईल, कुशीवर पडेल, तिची मर्जी. औषध नाही, सुई नाही. फुसाएबाई तिच्या कमरेवर हात ठेवून बसून राहणार. बाळ आलं की नाळेची धडधड थांबेपर्यंत आईच्या छातीवर. टक्क डोळ्यांनी ते स्वतःच दूध हुडकायचं. तासाभरात आई उठून मिसोचं सार पीत बसलेली असायची. पण बाळ आडवं असलं, पाय सुजले, रक्त जास्त गेलं, की बाई हुज्जत घालत नसत. अशा एकोणीस जणींना त्यांनी स्वतः बोटीत बसवून नेलं होतं.

चिझुरुचं पहिलं बाळंतपण ओसाकाच्या इस्पितळात झालं, पाठीत सुई घेऊन.

"दुखलं नाही बाई, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण पोरगा आला हे मला बाकीच्यांनी सांगितल्यावर कळलं."

"त्या सुईला नावं ठेवू नकोस. कुणाकुणाला ती लागतेच," बाई तिची कंबर चोळत म्हणाल्या. "माझ्याकडे दुखेल हं. चांगलं दुखेल. पण दोन कळांच्या मधे उसंत असते. तेवढी पुरी वापरायला शिक."

"आणि मी ओरडले तर?"

"ओरड की! हा तुझा भाऊ पाय आधी काढून आला तेव्हा तुझ्या आईनं तुफानाला मागं टाकलं होतं. पायाळ्या, चहा टाक."

मी चहा टाकला. चढावर काय बोललो ते मात्र पोटातच ठेवलं.

सुगिउरांचं पत्र दहा दिवसांनी आलं. भाषा अतिशय सभ्य. गुंतागुंतीची बाळंतपणंही स्वतःकडेच ठेवण्याची वृत्ती कानावर आल्याने हमी देता येत नाही. मी तसाच बोट पकडून शहरात गेलो आणि बढाई मारली म्हणून कबूल केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही आत्ता खरं बोलताय की तेव्हा बोलत होता, हे मी कसं ठरवू? काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल." हे म्हणताना ते खाली बघत होते. वाईट माणूस नव्हता.

सुईणघर बंद झालं होतं; चिझुरुला कळा लागल्या आणि तिला शहरातल्या इस्पितळात न्यायला निघालो, तेव्हा बाई आमच्याबरोबर बोटीत होत्या. डेकवर त्यांनी तिला चालवलं. इस्पितळाच्या दारात परिचारिकेनं विचारलं, "या कोण?"

"माझी सुईण," चिझुरु म्हणाली.

"क्षमा करा, आत फक्त घरचे."

"बरोबर आहे तुमचं," म्हणत बाई बाकावर बसल्या. आई आत गेली.

चिझुरुनं सुई नको म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकलंही. पण पोटाला बाळाचे ठोके मोजायचे पट्टे लावून तिला उताणी निजवली होती. दाराआडून तिचा आवाज यायचा.

"कुशीवर वळवा हो तिला," बाई समोरच्या भिंतीला म्हणाल्या. थोड्या वेळानं, "आता जोर नको. फुंकर घाल, बाळा, फुंकर." मांडीवरचे त्यांचे हात आपोआप गोल फिरत होते. मला ते बघवेना. मी खिडकीकडे तोंड केलं.

मुलगी झाली. दोन तासांनी चिझुरु बाळाला घेऊन आपल्या पायांनी चालत बाहेर आली.

"सगळं कळलं मला. ती कधी फिरली, कधी उतरली, सगळं." मग तिनं बाईंचा हात धरला. "हा तेवढा नव्हता."

 बाईंनी बाळाचे तळवे उलटून पाहिले नि शाल सारखी केली.

महिन्याभरात त्यांनी तुळईवरची दोरी सोडली. भाचीकडे कोचीला राहायला निघाल्या. सामान धक्क्यावर मीच नेलं आणि तिथं एकदाचं सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे. डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले, पण माझ्या एकटीच्या शब्दावर त्यांना कसं पटावं?" त्यांनी पुडीतला एक मासा माझ्या हातावर ठेवला. "बोट असती तर तुझ्या आईला मी पहिल्या फेरीनं पाठवलं असतं रे. रात्रभर माझे हात थरथरत होते. हे कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक."

मला रडू आलं.

"गप. आणि हे बघ, बाळाच्या सातव्या दिवशी सुईणीला लाल चवळीचा भात द्यायचा असतो. तुझ्या वेळचा आलाच नाही. तुमचे तांदूळ तुफानात भिजले, म्हणून मी मागितला नाही."

"पुढच्या आठवड्यात घेऊन येतो."

"ये. तीळ-मीठ विसरू नकोस."

आईनं तीनदा चवळी भिजत घातली. तीनदा माझा पाय निघाला नाही आणि आम्हीच ती खाल्ली. कोची इथून चार तासांवर आहे. भात अजून दिलेला नाही.