हत्तीवाल्याची न्याहारी

जगातल्या सगळ्या लढायांचा निकाल न्याहारीलाच लागतो, असं मानणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. पलटणीच्या लंगरात उभी उमेद स्वयंपाक करून ते उंब्रजला परतले, ते एका प्राचीन सेनापतीला सोबत घेऊनच. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणाऱ्या या वीराची गोष्ट त्यांनी कुण्या साहेबाकडून ऐकली होती. त्याचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मामा त्याला 'हत्तीवाला' म्हणत, तेही सख्ख्या चुलत्याबद्दल बोलावं तसं. लोक त्याचे डावपेच वाखाणतात. मामांच्या मते सगळी करामत आचाऱ्यांची. "शत्रू पाटंचं उपाशीपोटी गार नदीतनं आला. हत्तीवाल्यानं आपली माणसं शेकोटीपाशी बसवून पोटभर चारली हुती. मग जिंकणारच की, जावईबापू." हे शास्त्र ते कुठंही लावत. दहावीच्या पेपरला निघालेल्या नातीला त्यांनी इतकं जेवू घातलं, की ती बीजगणित सोडवता सोडवता पेंगली.

थोरल्या भावाशी माझं बांधावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. मोजणीच्या सकाळी आम्ही दोघंही आपापली माणसं घेऊन उसाच्या कडेला उभे राहिलो. मोजणीदार यायचा होता, पण आवाज आधीच चढले होते. तेवढ्यात मामा पिठल्याचं पातेलं आणि भाकरीची दुरडी घेऊन आले. "आदी खावा, मग भांडा," म्हणत त्यांनी दोन्हीकडं वाढायला सुरुवात केली.

हत्तीवाल्याची गोष्ट भावालाही तोंडपाठ होती. तो म्हणाला, "आवं मामा, एकाच बाजूला चारायचं असतंय न्हवं? दोघास्नी चारल्यावर जिंकायचं कुणी?"

मामांनी त्याच्या भाकरीवर आणखी एक डाव पिठलं घातलं. "मी काय सेनापती हाय व्हय, गड्या? मी आचारी."

भाऊ हसला. मग मलाही हसू आवरेना. मोजणी झालीच, हातभर पट्टी त्याच्याकडं गेली. माझ्या माणसांनी माझ्याकडं पाहिलं, पण भरल्या पोटी मला भांडण काही सुचेना. संध्याकाळी भावानं माझ्या उसालाही पाणी सोडलं.

आता मामा सांगलीला लेकीकडं असतात. ऐकू कमी येतं, माणसं चटकन ओळखू येत नाहीत. गेल्या महिन्यात आम्ही दोघं भाऊ भेटायला गेलो, तर आधी त्यांनी नुसतेच आमचे हात धरले. मग एकदा माझ्याकडं, एकदा भावाकडं पाहत विचारलं, "एकाच गाडीनं आलासा?"

"व्हय, मामा," भाऊ म्हणाला.

आम्ही निघेपर्यंत त्यांनी आमचे हात सोडले नाहीत.