बारशाला भरलेली जीप

भावाच्या मुलीचं बारसं कोळवणला होतं, आणि कानात नाव सांगायचा मान माझा होता, कारण आत्या मी. लग्न होऊन भूगावच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून माहेरी मला कोणी काम सांगत नाही. बस, चहा घे, पंखा लावू का, असं चालतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण हे काम माझ्याशिवाय कोणाचं नव्हतं. नाव मी ठरवलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, गाडी पाठवतो."

"काही नको. कॉलेजला असताना रोज जीपनंच यायचे," मी म्हटलं. फुशारकी मारायची संधी मी सहसा सोडत नाही.

पौडपर्यंत बसनं आरामात पोहोचले. स्टँडबाहेर कोळवणची जीप उभी होती आणि जवळजवळ भरलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ताई, तुमचीच वाट बघतुया. निगालोच." मी साडी सावरत मधल्या सीटवर घुसले. मी बसल्याबरोबर शेजारचा उतरून चहाच्या टपरीवर गेला. मग मागचे दोघे उतरले. मग पुढचा. ते सगळे ड्रायव्हरचे दोस्त होते. जीप भरल्यासारखी दिसावी म्हणून येऊन बसले होते. ही युक्ती मला कॉलेजपासून ठाऊक आहे. तरीही मी फसले, आणि राग त्याचाच जास्त आला.

"कधी निघणार?" मी विचारलं.

"भरली की."

तेवढ्यात आईचा फोन आला. गुरुजी म्हणतायत बाराच्या आत उरकायला हवं, आणि तुला उशीर होणार असेल तर तुझी चुलत बहीण आहेच, तीही आत्याच लागते. या चुलत बहिणीला मी चांगली ओळखते. ती सकाळपासून पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसली असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मी जीपमधून उतरले आणि म्हटलं, "कोळवण, कोळवण."

कोणी मान वळवली नाही. ड्रायव्हर काच पुसत होता. म्हणाला, "अशानं कुनी यायचं न्हाई ताई. पोटातनं वरडायचं असतंय."

मग ओरडले पोटातून. जरीची साडी, नाकात नथ आणि पौडच्या स्टँडवर कोळवण कोळवण. लोक थांबून बघायला लागले, पण चढेना कोणी. शेवटी मी म्हणून गेले, "चला कोळवणला, बारशाचं जेवण आहे. जिलेबी आहे."

जिलेबीनं काम झालं. दुरुस्त केलेला कुकर मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली एक आजी उठली. तिला वाटेत आधीच उतरायचं होतं, पण ती म्हणाली, "जाऊ की कोळवणपत्तुर, आज काय काम हाय मला?" एका फार्महाऊसला रंग द्यायला निघालेला माणूस रंगाचे डबे घेऊन आला आणि विचारू लागला, "भाभी, सच में खाना मिलेगा?" मिलेगा, बैठो, असं मी सांगितलं. ड्रायव्हरचे दोस्तही टपरीवरून परत आले आणि या खेपेला खरोखर बसले. तरी दोन जागा उरल्याच. त्या भरेपर्यंत मी ओरडत राहिले आणि माझा घसा पार बसला.

जीप निघाली तशी आजीनं विचारलं, "नाव काय ठिवणार हायेस?"

"आधी सांगायचं नसतं आजी," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"आमी काय तुज्या घरचं हाय व्हय? सांग की."

मला ते पटलं. आठवडाभर पोटात ठेवून मलाही जड झालंच होतं. सांगून टाकलं. आजीला नाव आवडलं. रंगवाल्यानं दोनतीनदा म्हणून पाहिलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "चांगलं हाय. आमच्या म्हशीचं बी ह्येच हाय."

"मग म्हशीचं बदला," मी म्हटलं. ते या प्रवासातलं माझं शेवटचं धड वाक्य होतं.

घरी पोहोचले तेव्हा पाळण्याभोवती बायका गोळा झाल्या होत्या आणि चुलत बहीण चक्क पाळण्यात वाकली होती. मी दारातून थांब म्हणायला तोंड उघडलं. आवाजच निघेना. माझे डोळे भरून आले. इतक्या दुरून, इतकी बोंब मारून आले, आणि आता चार पावलांवर हे काम माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच करणार होती.

"ए बाय, बाजूला हो," मागून आजी गरजली. "आत्या आली."

चुलत बहीण दचकून सरकली. मी वाकले. कुर्र करून नाव भाचीच्या कानात सांगितलं; कुजबुजण्यापुरता आवाज शिल्लक होता. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले, आणि त्यातला सगळ्यात जोरदार आजीचा होता. ती आमची कोणीच लागत नव्हती.

मग सरळ उभी राहिले, नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगायला. आई म्हणाली, "सांग की गं." मी ओठ हलवले, नुसती हवा बाहेर आली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा दारात उभ्या असलेल्या अख्ख्या जीपनं नाव पुकारलं. रंगवाला थोडा मागे पडला, पण उच्चार स्पष्ट होता.

"हे कोण?" आईनं विचारलं. मला सांगता येत नव्हतं, म्हणून आजीनंच पौडपासूनची हकीकत सांगून टाकली.

"घरच्यांच्या आधी पौडच्या जीपला कळलं," चुलत बहीण म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पाळण्याची दोरी हातात घेतली ती सोडलीच नाही.

जेवणं झाल्यावर ड्रायव्हर पानाला चुना लावत जवळ आला. "ताई, माघारी पौडची भरायचीया. जरा हाका मारता का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. होता नव्हता तेवढा आवाज भाचीच्या कानात गेला होता.