ग्यानोबा गुरव आणि देवाची गादी

"खंडोबाला म्याच निजवलं व्हतं, नागप्पा. म्हणून तर त्याला काही कळलं न्हाई," ग्यानोबा गुरव म्हणाला.

मी त्यांची शेजारीण, पत्र्याच्या शेडमागं भांडी घासत होते. भूकंप नुकताच होऊन गेला होता. ग्यानोबाची धाकटी लेक सिंधू भिंतीखाली गेली. भूकंपाच्या आदल्या सांजेला त्यानं आरती केली होती, देवापुढं हातभर गादी टाकली होती, शाल पांघरली होती अन् दार ओढलं होतं. गुरवाचं कामच ते, देवाला उठवायचं अन् निजवायचं.

"देवाचं रान खातोस अन् देवालाच शिव्या देतोस?" गावचा पुढारी नागप्पा म्हणाला.

"शिवी न्हाई. झोपला व्हता, एवढंच म्हणतो."

"मग तू जागा व्हतास का?"



गाव बैठकीला बसलं अन् ठरलं: पूजा ग्यानोबानंच करायची, दुसरा गुरव हाय कुठं? पण चारचौघांत तोंड उघडायचं न्हाई. उघडलं तर देवाच्या नावचं रान सोडायचं. त्या रानावरच त्याची चूल. बायको केवळाबाई म्हणाली, "गप बसायला काय लागतंय? मी सासरी तेच केलंय." तेव्हा मला हसू आलं. पुढं न्हाई आलं. नवं गाव वसलं, नवं देऊळ झालं, आरती दुसरेच म्हणू लागले. ग्यानोबा घरीसुद्धा मीठ पाहिजे तर बोट दाखवायचा.

मग लातूरला क्लासचं वारं सुटलं. कुणाच्या तरी पोराचा डॉक्टरकीला नंबर लागला अन् न बोलणाऱ्या गुरवाच्या हातचा भंडारा गाजला. जिपा येऊ लागल्या. नागप्पा वारला होता. त्याच्या पोरानं, शरणप्पानं, पाटी लावली, मौनी महाराज.

मुखेडची एक बाई पोरीला घेऊन आली. "महाराजांचं व्रत कधीपासून?"

"भूकंपापासून," शरणप्पा म्हणाला. "लई श्रद्धा."

पोर हळूच ग्यानोबाला म्हणाली, "बाबा, नंबर न्हाई लागला तर घरी कसं जाऊ?"

ग्यानोबाचे ओठ हलले. शरणप्पा खाकरला. ग्यानोबानं तिच्या कपाळाला भंडारा लावला, अन् बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई मला सोबत घेऊन शरणप्पाकडं गेली. "आता तरी बोलू द्या त्यास्नी. असंच गप राहून मरतील."

"मामी, आता बोलले तर व्रत मोडंल. पाप त्यांनाच लागंल की."

त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच वाईट.

श्रावणात ग्यानोबाला दम लागला. तरी सांजेला निघाला. केवळाबाईला ताप, म्हणून हात मी धरला. ती त्याची शेवटची खेप, पण तेव्हा कुणाला ठावं? आरती झाली, तो गाभाऱ्यात गेला अन् दार लोटलं. मी फटीतून बघितलं. गादी कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली, वर वर्षानुवर्षांची धूळ. शालीची घडी तशीच. ग्यानोबानं समईत काठोकाठ तेल घातलं, वात पुढं सारली, देवाच्या डोळ्यांत बघितलं.

बाहेर आला तसं शरणप्पानं विचारलं, "निजवलं का देवाला?"

ग्यानोबानं रोजच्यासारखी मान डोलावली अन् दार ओढून घेतलं.